कासाराचं गिऱ्हाईक

“मग गिऱ्हाईक कुणाचं, बुवा? माझं, की त्यांचं?”

बुवा समई घासत होते. चिंचेचा कोळ पितळेला चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“पाणी पी आधी.”

“पाणी नको.”

“पन्हं आहे.”

“बुवा, मी पन्हं प्यायला डोंगर चढून आलो नाही. एका शब्दात सांगा. गिऱ्हाईक कुणाचं?”

विचारणारा श्रीरंग वेळापुरे. खालच्या पेठेतला बांगड्यांचा व्यापारी, जातिवंत कासार. कॉमर्स शिकलेला. पेठेत सगळ्यांच्या आधी मोबाइलवर दुकान मांडणारा, आणि ते चारचौघांत सांगणारा. निरंजनबुवांचा अनुग्रह घेऊन त्याला बरीच वर्षं झाली होती.

वाघजाईच्या डोंगरावर बुवांचा मठ आहे, त्यातच देवीचं देऊळ. चैत्रातल्या अष्टमीला देवीला नवा हिरवा चुडा भरतात. सकाळी जुना उतरवायचा, नवा वेळापुऱ्यांच्या घरून यायचा आणि बुवांनी तो मूर्तीच्या हातांत भरायचा, असा मान चालत आलेला.

त्या दिवशी अष्टमी होती. श्रीरंगनं चुड्याची टोपली पायरीवर ठेवली आणि नमस्कार न करताच हा प्रश्न विचारला.

मी खांबाला टेकून बसलो होतो. ऐकलं तेवढंच लिहितो आहे. शब्द थोडे इकडचे तिकडे झाले असतील. राग मात्र तेवढाच होता, त्यात माझी गफलत नाही.

“काय केलं त्यांनी?” बुवांनी विचारलं.

“काय नाही केलं ते विचारा. कंपनीनं दुकानात तो पैसे घ्यायचा ठिपक्यांचा चौकोन लावला, तेव्हा म्हणाले, पैसे थेट तुमच्या खात्यात, आम्ही मध्ये कुणी नाही.”

“मग?”

“मग हळूहळू मधलेच सगळे झाले! ... आणि तुम्ही असं तोंड करू नका, बुवा. तुमच्या दानपेटीवरही त्याच कंपनीचा चौकोन आहे. येताना बघितला मी.”

मंडपात बसलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

“आहे,” बुवा म्हणाले. “विश्वस्तांनी चिकटवला. परवा एका भक्ताला त्यावरून निरोप आला. ‘वाघजाई तुमची वाट पाहत आहे.’ बिचारा धापा टाकत वर आला. म्हणाला, देवीनं बोलावलंय.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, मी तिच्या पायाशी झोपतो. मला अजून निरोप नाही. तुझं भाग्य मोठं.”

बायका हसल्या. श्रीरंग हसला नाही.

“तुम्हाला थट्टा सुचते. माझं घर त्याच्यावर चालतं.”

“बोल. ऐकतोय.”

“आधी पैसे घ्यायची सोय. मग म्हणाले, आमच्या ॲपवर दुकानही उघडा. उघडलं. तालुक्याबाहेरच्या बायका मागणी करायला लागल्या. छान वाटलं. मग एक दिवस बघतो तर गिऱ्हाइकांच्या नंबरांच्या जागी फुल्या! पहिले दोन आकडे, शेवटचे दोन, मध्ये सगळ्या फुल्या. माझी गिऱ्हाइकं, बुवा. माझ्या आजानं ज्यांच्या आज्यांना चुडे भरले, त्यांचे नंबर मला फुल्या फुल्या करून दाखवतात.”

“का म्हणे?”

“त्यांच्या सुरक्षिततेसाठी!” श्रीरंगनं मांडीवर हात आपटला. “माझ्यापासून सुरक्षितता! मी बायकांचे हात हातात घेऊन बांगड्या भरतो. त्यांचे नवरे, भाऊ, बाप समोर बसलेले असतात, कधी कुणाला भीती वाटली नाही. आणि हे कोण कुठले, काचेच्या इमारतीत बसणारे, त्यांना माझी भीती!”

बुवांचा समईवरचा हात क्षणभर थांबला.

“पुढं?”

“तक्रार आली तर मला कळत नाही. परस्पर तेच उत्तर देतात. माझ्या नावानं माफी मागतात, बुवा. ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल श्रीरंग बँगल्स दिलगीर आहे.’ मी दिलगीर आहे की नाही, मला विचारलं कुणी?”

“तुला आवडलं नाही. सुरुवातीलासुद्धा आवडलं नाही?”

श्रीरंग थोडा घुटमळला.

“सुरुवातीला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? किटकिट वाचली. बांगडी पिचली म्हणून आरडाओरडा करणाऱ्या बायका दुकानात यायच्या बंद झाल्या. शांत झालं दुकान.”

“हं.”

“हं काय? प्रत्येक धंदेवाल्याला हेच हवं असतं.”

“मी कुठं नाही म्हटलं?”

चैत्राचं ऊन मंडपाच्या फरशीवर सरकत आलं होतं. बायकांनी आपापली ताटं सावलीत ओढली. शेवंताबाई नावाच्या एक ठसठशीत बाई त्यांच्यात पुढारीण होत्या. त्या म्हणाल्या, “बुवा, चुडा भरायची वेळ होत आली. कासारदादाचं रडगाणं मागाहून ऐका की.”

“मावशी, तुम्ही गेल्या साली माझ्याकडं आला होता का?” श्रीरंग त्यांच्याकडे वळला.

“नाही बाई. फोनवरच मागवल्या. तुझंच नाव होतं त्याच्यावर.”

“माझं नाव होतं. माल माझा नव्हता! माझ्या नावाखाली कंपनीच्या गोदामातला माल. आल्या का बसून हाताला?”

“कुठल्या बसतात! अंगठ्यापाशीच अडल्या. सुनेला दिल्या. म्हटलं, हल्ली श्रीरंगाची नजर बिघडली.”

“बघा!” श्रीरंग ओरडलाच. “बघा, बुवा! ऐकलंत? नजर माझी बिघडली!”

इथं मला बोलावंसं वाटलं. कायदा आहे, तक्रार करता येते, अशा गोष्टींसाठी माणसं नेमलेली असतात, असं काहीतरी तोंडापर्यंत आलं. मग वाटलं, हे याला ठाऊक नसेल का? गप्प राहिलो. बरोबर केलं की चूक, अजून ठरवता येत नाही.

“आता नवीन अटी पाठवल्यात,” श्रीरंगनं खिशातून फोन काढला. “गिऱ्हाईक कंपनीचं, असं सरळ लिहून मागतात. मी त्यांच्याशी परस्पर बोलायचं नाही, परस्पर माल विकायचा नाही. दिवे लागायच्या आत उत्तर द्यायचं. ‘मान्य’ दाबलं तर मी त्यांचा नोकर. ‘अमान्य’ दाबलं तर दुकान ॲपवरून उतरवणार आणि माझ्या बायकांना दुसरा कासार दाखवणार. ऐन लग्नसराईच्या तोंडावर. म्हणून आलो. तुम्ही गुरू आहात. सांगा, काय दाबू?”

“चोर आहेत,” बुवा म्हणाले.

श्रीरंगला हे अपेक्षित नसावं. तो जरा सैलावला.

“आहेत ना?”

“पैसा नेणारा साधा चोर. दुसऱ्याच्या तोंडानं बोलणारा त्याहून वाईट. ... पण तू एवढ्यासाठी चढून आलेला नाहीस.”

“म्हणजे?”

“नमस्कार न करता आलास. धंद्याच्या काळजीनं माणूस नमस्कार विसरत नाही, उलट दोन जास्त घालतो. काय झालंय?”

श्रीरंगनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

“निंबोडीची वैजयंता,” तो म्हणाला. आवाज खाली आला होता. “तिच्या लग्नाचा चुडा मीच भरला होता. मार्गशीर्षात तिचा नवरा गेला. विहिरीच्या कामावर होता, दरड कोसळली. मला कळलं होतं. सगळ्या पेठेला कळलं होतं.”

“गेल्या आठवड्यात तिचा भाऊ दुकानात आला. दुकानात नवरीकडची माणसं बसली होती. त्यानं फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, वाच. मोठ्यानं वाच.”

“काय होतं?”

“‘प्रिय वैजयंता, लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. आपल्या लाडक्या श्रीरंग कासाराकडून हिरव्या चुड्यावर खास सवलत...’” तो थांबला. “शेवटी लिहिलं होतं, ‘सौभाग्य अखंड राहो.’”

“अगं आई गं,” कुणीतरी म्हणालं.

“मी नाही पाठवलं ते! मी पाठवीन का, बुवा? कासाराच्या जातीचा माणूस असं पाठवील का? आमच्यात बांगडी फुटली तर फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तोंडातून वावगा शब्द जाऊ नये म्हणून आम्ही जपतो. आणि माझ्या नावानं... त्या पोरीला...”

राग होता की रडू, मला सांगता आलं नसतं. दोन्ही असावं.

“भाऊ काय म्हणाला?” बुवांनी विचारलं.

“काय म्हणायचं ठेवलं? आईबापांवरून शिव्या दिल्या. म्हणाला, मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खातोस. नवरीकडची माणसं उठून गेली.”

“शिव्या कुणाला दिल्या?”

“मला. दुसऱ्या कुणाला देणार?”

“कंपनीच्या दारात गेला नाही?”

“कंपनीला दार कुठंय?”

बुवांनी समई खाली ठेवली. हात पंच्याला पुसले.

“मग मघापासून मला काय विचारतोयस, गिऱ्हाईक कुणाचं? ज्याच्या दारात येऊन शिव्या देतात, त्याचं.”

“हा कसला न्याय?” श्रीरंग उसळला. “मलई त्यांनी खायची आणि शिव्या मी?”

“न्याय आहे असं मी म्हटलं नाही.”

“मग काय करायचं मी?”

“तू काय केलंस?”

“केलं ना! गप्प बसलो नाही. लगेच कंपनीला फोन लावला. तासभर गाणं ऐकवलं त्यांनी, तुमचा कॉल महत्त्वाचा आहे म्हणून. मग एक पोरगी आली. तिला म्हटलं, मला त्या बाईची माफी मागायची आहे, तिचा नंबर द्या. तर म्हणते, सर, ग्राहकाची माहिती गोपनीय असते. मी म्हटलं, अहो, ती विधवा झालीय, तुम्ही तिला चुडा विकताय! तर म्हणते, आपली सूचना नोंदवून घेतली आहे, सर, आणखी काही मदत करू का? पुन्हा फोन केला. पुन्हा केला. ई-मेल केला. वरच्या साहेबाला लिहिलं. नंबर मिळाला नाही.”

“नंबर कशाला?”

“माफी मागायला. तेच तर सांगतोय.”

“तिचं घर माहीत नाही तुला?”

“माहीत आहे की. निंबोडीत. शाळेच्या मागं, पत्र्याचा गोठा आहे, त्याच्या शेजारी.”

“मग नंबर कशाला?”

ताटांतल्या गुळावर माश्या घोंगावत होत्या.

“तसं कसं जाणार, बुवा?” श्रीरंग म्हणाला. पहिल्यासारखा आवाज राहिला नव्हता. “कोणत्या तोंडानं? तिच्या घरचे उंबरा ओलांडू देणार नाहीत. फोनवर निदान...”

“फोनवर निदान ठेवता येतो.”

“तसं नाही.”

“तसंच आहे.”

बुवा उठले. टोपलीकडे बघितलंसुद्धा नाही. गाभाऱ्याच्या दाराचा पडदा त्यांनी बाजूला सारला आणि तसाच सोडला.

सकाळी जुना चुडा उतरवलेला होता. एरवी नवा भरेपर्यंत पडदा ओढून ठेवतात. कुणी त्या वेळी बघत नाही. आता मूर्ती सगळ्यांच्या समोर होती. नवी साडी, कुंकवाचा मळवट, नथ, आणि पुढं आलेले दोन्ही हात मोकळे.

“बुवा! पडदा!” शेवंताबाई ताडकन उठल्या.

“राहू दे.”

“असं कसं राहू दे? अष्टमीच्या दिवशी देवी अशी? अहो, अपशकुन आहे तो!”

“कुणाला?”

“कुणाला म्हणजे?”

“हात मोकळे दिसले तर अपशकुन कुणाला, मावशी? जिचे आहेत तिला, की बघणाऱ्याला?”

बुवा श्रीरंगकडे वळले. “तू निंबोडीला जाऊन येईपर्यंत तुझ्या टोपलीला मी हात लावणार नाही.”

“आज? अहो, मुहूर्त टळेल! लोक मला काय म्हणतील?”

“शिव्या देतील.”

“आणि तुम्हाला?”

“मलाही देतील. जा.”

तो गेला. पायऱ्या उतरताना रागानं काहीतरी पुटपुटत होता. ‘गुरू म्हणून आलो आणि...’ एवढंच मला ऐकू आलं.

मागं राहिलेल्यांनी बुवांना सोडलं नाही. एक म्हणाली, आमचे उपास आहेत. बुवा म्हणाले, मग धरा. दुसरी म्हणाली, कंपनीनं शेण खाल्लं आणि शिक्षा देवीला? बुवा म्हणाले, तिनं तक्रार केली का तुझ्याकडे? विश्वस्तांपैकी एकजण, पैलवानी अंगाचे गृहस्थ, वर आले. पडदा ओढायला पुढं झाले. बुवा दारात बसले. गृहस्थ म्हणाले, “बुवा, मठ तुमच्या एकट्याचा नाही.” बुवा म्हणाले, “म्हणूनच उघडा ठेवलाय.” गृहस्थ फणफणत पारावर जाऊन बसले.

मलाही ते पटलं नव्हतं. उपाशी बायकांना ताटकळत ठेवणं मला क्रूर वाटत होतं. एका बाजूनं वाटे, हा म्हातारा हट्टी आहे. दुसऱ्या बाजूनं मी पुन्हापुन्हा त्या मोकळ्या हातांकडे बघत होतो आणि पुन्हापुन्हा नजर काढून घेत होतो.

उन्हं कलली. खाली वळणावर श्रीरंग दिसला. मोटरसायकल पायथ्याशी लावून तो चढत होता. सावकाश, कुठंही न थांबता.

तो आला आणि बुवांच्या समोर बसला. या वेळी त्यानं नमस्कार केला.

“दार कुणी उघडलं?” बुवांनी विचारलं.

“सासूनं.”

“बोलली?”

“बोलली.”

“पोटभर?”

“पोटभर. शेजारपाजारचे गोळा झाले. मी अंगणात उभा होतो. म्हटलं, मी पाठवलं नाही, आई. तर म्हणाली, तुझं नाव होतं का नाही? म्हटलं, होतं. म्हणाली, मग?”

“आणि ती?”

“ती नंतर बाहेर आली. तिनं शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, दादा, त्यांना माझी तारीख कुणी सांगितली?”

“तू काय म्हणालास?”

“मी म्हटलं, अगं, त्यांच्याकडं सगळ्यांचं सगळं असतं. कुठून कुठून शोधून काढतात. ... ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, दादा, तारीख मी तुला सांगितली होती. चुडा भरताना. बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडली होती, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तू म्हणालास, रडू नको, सांग बघू, लग्न कधीचं, सासर कुठलं, नवरा काय करतो. आणि मी सांगत बसले.”

हे कासाराचं काम मी लहानपणी पाहिलेलं आहे. दुखेल म्हणून मुलगी हात ताठ करते, आणि ताठ हातात बांगडी जात नाही. म्हणून कासार तिला बोलतं करतो. ती उत्तर द्यायला लागली की बोटं सैल पडतात, आणि बांगडी हाडावरून कधी उतरली ते तिला कळतही नाही. बोलणं हा त्याच्या कामाचाच भाग असतो. हातावर लावलेल्या साबणाइतकाच.

“खरं होतं?” बुवांनी विचारलं.

“खरं होतं. कंपनीनं रकाने दिले होते, बुवा. नाव, प्रसंग, तारीख. म्हणाले, जेवढं भराल तेवढा तुमचाच फायदा. मी भरत गेलो. दुपारी दुकान रिकामं असलं की आठवून आठवून भरत होतो. कुणाचं लग्न, कुणाचं डोहाळजेवण. खूश होतो. वाटायचं, आता ही सगळी आपली पक्की झाली.”

बुवांचा चेहरा मी एवढा संतापलेला कधी पाहिला नव्हता. त्यांनी बोलण्याआधी दोनदा ओठ मिटले.

“तिनं तुला हात दिला होता.”

“हो.”

“दुखत होतं म्हणून बोलली होती.”

“हो, बुवा.”

“आणि तू ते त्यांना दिलंस.”

“...दिलं.”

“चोर आहेत ते. मघाशीही म्हटलं, आताही म्हणतो. पण घराची कडी आतून निघाली.”

श्रीरंगनं मान हलवली. वाद घातला नाही.

शेवंताबाईंनीच विचारलं, “मग त्या कंपनीचं काय केलंस रे? दिवे लागायला आले.”

“दाबलं.”

“काय?”

“अमान्य. निंबोडीच्या उतारावर गाडी उभी केली आणि दाबलं. दाबायच्या आधी सगळ्यांच्या तारखा पुसायला गेलो. पुसता येत नाहीत. भरताना माझ्या होत्या, पुसताना त्यांच्या झाल्या.” त्यानं फोन सगळ्यांना दिसेल असा धरला. “दुकान उतरलंसुद्धा. बघा. माझं नाव शोधलं की आता दुसराच कुणी दिसतो. ‘आपल्या जवळचा विश्वासू कासार.’ सहा महिन्यांपूर्वी तो मोबाइलची कव्हरं विकत होता!”

“अरे देवा. आणि लग्नसराई?”

“गेली म्हणायची. घरी काय सांगायचं तेच कळत नाही. मुलीचं कॉलेज आहे.”

बुवा उठले. हात धुऊन त्यांनी टोपली उचलली आणि आत गेले. पडदा न ओढता त्यांनी मूर्तीच्या हातांत एकेक हिरवी बांगडी भरली. पहिल्यांदाच सगळ्यांनी ते पाहिलं. बायकांनी ओट्या भरल्या, घाईघाईनं फराळ उरकला आणि उजेड आहे तोवर उतरायला लागल्या. विश्वस्त गृहस्थ बुवांशी न बोलता गेले. त्यांचं प्रकरण पुढं वाढलं, पण ते इथं नको.

मंडपात आम्ही तिघेच उरलो.

श्रीरंग जायला उठला आणि पायरीवर थांबला.

“बुवा, एक सांगायचं राहिलं.”

“सांग.”

“निघताना तिला म्हटलं, काही लागलं तर दुकानात ये. संकोच करू नको. म्हणाली, दादा, तू आलास ते मी लक्षात ठेवीन. पण तुझ्या दुकानाची पायरी मी आता चढायची नाही. बांगड्या तर मी कधीच भरणार नाही. तुझ्याकडून नाही, कुणाकडूनच नाही. ... म्हणजे एवढी गिऱ्हाइकं गेली, आणि जिच्यासाठी घालवली तीही गेली. तिच्याकडून मला आता जन्मात काही मिळायचं नाही, बुवा. तिलाही माझ्याकडून काही नको. आमचा संबंधच संपला.”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं.

“आता ती कुणाचंच गिऱ्हाईक नाही. मग पुन्हा जा.”